आख्ख्या मैदानाला ऐकू आलेलं टॅपेट

इंजिनाचा आवाज ऐकून आतलं दुखणं सांगणारा माणूस, अशी सिलवासात माझी ख्याती होती. 'होती' हे मी विचार करून लिहिलं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांना दिवाळी अंकासाठी माझ्याकडून मोटरसायकल रेसच्या गमतीजमती हव्या होत्या. त्या थोड्याफार आहेत, देतो. पण गेल्या हंगामातला एक रविवार असा आहे की त्यावर चारजण बोलत असतात आणि मी आलो की चहाच्या भावावर बोलायला लागतात. तो रविवार गाळून लिहायला बसलो, तर दोन ओळींपुढे हात जाईना.

आधी धंदा सांगतो. मी मूळचा चोपड्याकडचा. आयटीआय करून इकडे आलो, प्लास्टिकच्या एका कंपनीत टूलरूमला राबलो आणि मग अथालच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. घर टोकरखाड्याला. गॅरेजात रोजचं काम कामगारांच्या गाड्यांचं, म्हणजे क्लचप्लेट, चेन, पंक्चर. पण जीव सगळा रेसच्या इंजिनात.

रेस म्हटल्यावर टीव्हीवरचं काही डोळ्यांपुढे आणू नका. इथे भात कापून झाला की एखाद्या शेतमालकाला पटवायचं, ट्रॅक्टर फिरवून गोल वाट काढायची, सकाळी टँकरने पाणी मारायचं, झाला ट्रॅक. पळणारे सगळे हौशी. कोणी सुताच्या कारखान्यात मशीनवर, कोणी फोर्कलिफ्टवर. ज्या गाडीला डबा लटकवून आठवडाभर ड्युटीला जायचं, तिचेच आरसे, दिवे, मडगार्ड काढून रविवारी तिला मातीत उतरवायचं. धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून एअर फिल्टरवर जुन्या ओढणीचा तुकडा बांधतात. जुनी सापडली नाही तर नवीही चालते, आणि मग रेस जिंकूनही घरी जेवायला मिळत नाही.

आमचा वर्ग 'स्टॉक', म्हणजे इंजिन आतून कंपनीने दिलं तसंच हवं. पिस्टन मोठा टाकायचा नाही, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, घासून दाब वाढवायचा नाही. बाहेरून मात्र कार्बोरेटरचा जेट बदला, मागचं चेनचं चक्र बदला, सायलेन्सर घरी बनवा, कोणी विचारत नाही. मग इंजिन बांधणाऱ्याचं काम काय, असं लोक विचारतात. अहो, एकाच पिठाच्या, एकाच तव्यावरच्या भाकरी दोन बायकांच्या हातच्या सारख्या लागतात का? व्हॉल्व्ह किती घट्ट बसवले, रिंगा कशा टाकल्या, टॅपेट किती ठेवलं, यावर सगळं आहे.

टॅपेट समजून घ्या, कारण पुढे तेच आहे. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं. एकातून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. दार आणि दाराला ढकलणारा रॉकर यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर टकटक वाजतं आणि गाडीचा जोर जातो. कमी झाली तर आवाज काही येत नाही, पण व्हॉल्व्ह जळतो. ती मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्या मिळतात, त्यांना फिलर गेज म्हणतात. पट्टी फटीत सरकवायची, किंचित अडली की बरोबर. मग स्क्रू तसाच धरून वरचा लॉकनट आवळायचा.

माझ्या गॅरेजात पट्ट्यांचा संच होता, गंजलेला. "पट्टी नवशिक्याला, मिस्त्रीला कान," असं मी गिऱ्हाइकांसमोर ऐटीत म्हणायचो. मी बोटाने रॉकर हलवून फट ठेवायचो, इंजिन चालू करून ऐकायचो आणि चुकलं वाटलं तर परत हात घालायचो. आणि खोटं कशाला बोलू, चुकायचं नाही. एकदा वापीहून एकाने फोनवर नुसता गाडीचा आवाज ऐकवला. "कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय, ढकलत आण," म्हटलं. त्याला पटलं नाही, चालवत निघाला आणि नरोलीजवळ इंजिन जाम झालं. दुसरा एक नवरदेव आला होता. त्याला वरातीत मोटरसायकलवरच बसायचं होतं आणि गाडी बँडच्या चालीने, बंद न पडता, पायी चालणाऱ्या मामांच्या मागून न्यायची होती. रेसचं इंजिन बांधणं सोपं, पण ते पळू न देणं महाकठीण. तीही गाडी मी कानानेच लावून दिली. मामा तीनदा थांबून नाचले, गाडी बंद पडली नाही.

हे सगळं जयेशने माझ्या शेजारी उभं राहून पाहिलं. जयेश भोया गलोंड्याकडचा, कोकणा आदिवासी समाजातला. कंपनीतली शिफ्ट सांभाळून सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचा. आमच्या धंद्यात शिकाऊ माणूस आधी टॉर्च धरतो. मिस्त्रीचा हात जिथे जाईल तिथे न सांगता उजेड गेला पाहिजे. जयेशला मला कधी "जरा वर धर" म्हणावं लागलं नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून आतलं कसं ऐकायचं, तेही मीच त्याला शिकवलं. पुढे लग्न झालं, मूल झालं, आणि स्वतःची गाडी स्वतः बांधून पळवायची म्हणून तो माझ्याकडून गेला. पाया पडून गेला. मी आशीर्वाद दिला, पण तोंडाने. पोटात कुठेतरी दुखलंच.

त्याच सुमाराला घरी कुरकुर सुरू झाली होती. टीव्ही मोठा करता, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, दार वाजवून माणसं परत जातात. शैला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, एकदा कान दाखवून या. मी म्हटलं, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. मला पिस्टनची रिंग ऐकू येते, तुझं बोलणं नाही येणार?" आयुष्यभर उघड्या सायलेन्सरशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाने हे म्हणावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता तो रविवार.

सकाळच्या फेरीत माझं इंजिन विकीच्या गाडीत होतं. विकी सुताच्या कारखान्यातला ऑपरेटर, बिहारी आईबापांचा पण जन्म इथलाच. चांगला चालवतो. जयेश त्याच्या पुढे गेला, आणि असातसा नाही, वळणावरून बाहेर पडताना सरळ निघून गेला. मी दोरीला टेकून ऐकत होतो. जयेशच्या गाडीचा आवाज मला जाड लागला, घुमणारा. माझ्या गाड्यांपेक्षा वेगळा. स्टॉक पिस्टन असा बोलत नाही. आत मोठा पिस्टन आहे, मला खात्री झाली.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. कोणाच्या इंजिनावर शंका आली तर ऑब्जेक्शन घेता येतं. मालकाने सगळ्यांसमोर हेड उघडायचं, तिसऱ्या माणसाने मापायचं. लबाडी निघाली तर तो त्या मैदानातून बाद. आणि नाही निघाली तर ज्याने बोट दाखवलं त्याने ते इंजिन स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर, होतं तसं बसवून द्यायचं. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण तिच्या धाकाने कोणी उगाच तोंड उघडत नाही.

विकी माझा हात धरून म्हणाला, "काका, जाने दो ना. फायनलमध्ये बघून घेऊ." मी हात सोडवला. रेस भरवणारे नवीनभाई, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांनी मला बाजूला घेतलं. "महाजनभाई, पाक्कुं ने? नक्की ना? जयेश पाडव्याला गलोंड्याला गॅरेज चालू करतोय. आज त्याचं नाव खराब झालं तर त्याच्याकडे कोण जाणार?"

"माझा कान आजवर खोटा बोललाय का?" मी म्हटलं.

त्यांनी जयेशला निरोप पाठवला. तो हेल्मेट काढून आला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, तुम्हाला शंका आहे?" एवढंच. मी मान हलवली. त्याने इंजिन थंड व्हायची वाट बघितली, पान्यांची पेटी उघडली आणि हेड काढलं. भोवती सगळे रेसवाले जमले होते. नवीनभाईंनी व्हर्नियर लावला, मग दुसऱ्याला लावायला दिला. मलाही दिला. माप कंपनीचं होतं. हेडला कानस लागलेली नव्हती. आवाज जाड होता तो त्याने भंगारातल्या रुंद पाइपचा सायलेन्सर बनवला होता त्याचा, आणि तो नियमात बसत होता. पूर्वी मी सायलेन्सरचा आवाज बाजूला सारून आतला ऐकू शकायचो. आता मला फक्त जाड तेवढं ऐकू येत होतं, बारीक ते सगळं गेलं होतं. पण हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा फक्त कानशिलं तापली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी बसवायला बसलो. हेड उघडलं की नवी गॅस्केट लागते, ती ऑब्जेक्शन घेणाऱ्याने आणायची असते. मी आणली नव्हती, इतकी मला खात्री. जयेशनेच आपल्या पेटीतून काढून दिली. मी हेड ठेवलं, बोल्ट आवळले, टायमिंगच्या खुणा जुळवल्या आणि टॅपेटला हात घातला. तेवढ्यात त्याने फिलर गेज पुढे केली. स्वच्छ, तेल लावलेली.

मी ती हाताने मागे सारली. "मला नाही लागत ही."

एवढ्या अपमानातही माझी ऐट गेली नव्हती, हे आठवलं की आजही मला स्वतःचा संताप येतो. बोटाने फट ठेवली, नट आवळले. गाडी चालू केली, वाकून कान लावला. मला सगळं मऊ लागलं. हात पुसून उभा राहिलो आणि म्हणालो, "झालं. होतं तसं आहे."

जयेश क्षणभर इंजिनाकडे बघत राहिला. भोवतीच्या काहींनी त्याच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "हां दादा, बरोबर आहे," आणि गाडी ढकलत घेऊन गेला.

फायनल दुपारनंतर होती. तोवर कुटुंबं, शेजारपाजारचे गाववाले जमले. शैलाही त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी आली होती, मांडवात बायकांत बसली होती. जयेश पहिल्या वळणाला पुढे होता. मग हळूहळू त्याची गाडी मंदावली. विकी त्याला मागे टाकून गेला, मग आणखी दोघे. कप विकीला मिळाला. त्याने तो माझ्या हातात दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही कप उंच केला. मनात म्हटलं, बघा, पिस्टन नसेल मोठा, पण इंजिन बांधावं तर महाजनने.

स्कूटरवरून घरी येताना शैला मागून कानाशी ओरडली, "त्या जयेशच्या गाडीत भांडी भरली होती का हो?"

"कसली भांडी?"

"केवढी खडखडत होती! आमच्या मांडवापर्यंत ऐकू येत होती. एक बाई म्हणाली, हा काय गॅरेज काढतोय, याची स्वतःचीच गाडी बघा."

मी स्कूटर बाजूला घेतली. बंद केली. "तू मांडवात बसून ऐकलंस?"

"मी एकटी कुठे? आख्खं मैदान ऐकत होतं." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "तुम्हाला नाही ऐकू आलं?"

रस्त्याच्या कडेला मी मान खाली घालून उभा राहिलो. ज्या बाईला टॅपेट म्हणजे काय ते माहीत नाही तिला ते लांबून ऐकू आलं, आणि मी त्याच्यावर कान टेकून 'होतं तसं आहे' म्हणालो होतो. माझ्या हातून ढिला राहिलेला नट घेऊन तो माणूस फायनलला उतरला होता. आणि त्याला ते माहीत होतं, कारण त्याचे कान शाबूत आहेत. मीच तयार केलेले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक आवाज गेले ते गेले, परत यायचे नाहीत. मशीन लावा, बोलणं तरी कळेल. लावलं आहे. त्यातून शैलाचं सगळं ऐकू येतं, टॅपेट येत नाही.

मग एका संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी गलोंड्याला जयेशच्या कंपनीच्या गेटवर गेलो. तो मला बघून धावत आला, घरी काही झालं का म्हणून.

"टॅपेट वाजत होतं तर सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगणार दादा?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "तुम्ही हात पुसून उभे राहिले. सगळे बघत होते. मी तिथे पाना लावला असता तर लोक बोलले असते, महाजनदादाला टॅपेट पण जमत नाही आता. सकाळी तुमचं लई झालं होतं. वाटलं, तेवढे राउंड निघून जातील."

"निघाले नाहीत."

"नाही. लॉकनट सुटला. रॉकर गेला."

"आणि लोक तुझ्या नावाने बोलतायत."

"बोलू दे. पुढच्या साली दाखवू."

त्याने मला शिव्या द्याव्यात म्हणून मी तिथे गेलो होतो. त्याने टपरीवर नेऊन चहा पाजला. इतकी लाज मला मैदानातही वाटली नव्हती. आणि ती तिथेच संपली नाही. सकाळी इंजिन कोणी बसवलं ते रेसवाल्यांना ठाऊक होतं, पण ते माझ्या वयाकडे बघून गप्प राहिले. दुपारी आलेल्यांनी फक्त भोयाचं इंजिन खडखडताना ऐकलं. पुढच्याच आठवड्यात दोन गाड्या माझ्या गॅरेजात आल्या. मालक म्हणाले, "जयेशकडे देणार होतो, पण त्या दिवशी बघितलं ना. म्हटलं, उस्ताद तो उस्ताद." मी त्या गाड्यांना हात लावला नाही, वेळ नाही म्हणून परत पाठवल्या. खरं कारण सांगायला जीभ उचलली नाही. विकीने दिलेला कप ऑइलच्या डब्यांमागे सरकवून ठेवला.

पाडव्याला जयेशचं बोलावणं आलं. शैलाला घेऊन गेलो. पत्र्याचं छोटं शटर, आंब्याच्या पानांचं तोरण, दारात गुढी, आत नवीन रंगाचा वास. नवीनभाई होते, विकी होता, रेसवाले होते, त्याच्या कंपनीतली माणसं होती, शेजारचे दुकानदार. मी परत पाठवलेल्या गाड्यांपैकी एकाचा मालकही लांब हात बांधून उभा होता, बघू काय करतोय म्हणून. मधोमध जयेशची तीच गाडी, नवा रॉकर टाकलेली. नारळ मला फोडायला लावला. मग त्याने गाडी चालू केली आणि जुन्या सवयीने म्हणा किंवा मान द्यायचा म्हणून म्हणा, माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, बघा ना जरा."

मी वाकलो. मला मऊ, छान, घुमणारा आवाज आला. त्या दिवशी आला होता अगदी तसाच. 'एक नंबर' म्हणून पाठ थोपटली असती तर सगळे हसून पेढ्यांकडे वळले असते. जयेशनेही तीच वाट मोकळी ठेवली होती.

"मला टॅपेट ऐकू येत नाही," मी मोठ्याने म्हणालो. इंजिन चालू होतं म्हणून ओरडावंच लागलं. "त्या रविवारी पण आलं नव्हतं. फायनलला ही गाडी खडखडली ती याच्यामुळे नाही. टॅपेट मी बसवलं होतं, पट्टी न लावता. याचं इंजिन चांगलं होतं, मी बिघडवलं. आता कसं चाललंय ते तूच सांग, जयेश."

कोणाच्याच तोंडाकडे मला बघवेना, म्हणून मी इंजिनाकडे बघत राहिलो. जयेश काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी शैलाकडे वळलो.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वाजतंय थोडं, दादा," तिने कानाच्या मशीनजवळ येऊन सांगितलं.

त्याने गाडी बंद केली. इंजिन थंड होईपर्यंत चहा आणि पेढे झाले, पण हात बांधलेला तो मालक गेला नाही. मग जयेशने झाकण उघडलं आणि पट्टी काढली. मी त्याच्या भिंतीवरचा टॉर्च घेतला आणि शेजारी उकिडवा बसलो. गुडघे दुखत होते आणि हात स्थिर राहत नव्हता. उजेड सारखा रॉकरवरून खाली घसरत होता. तो दोनदा उजेड परत वर येईपर्यंत थांबला. तिसऱ्यांदा मात्र हातातलं काम सोडून त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"दादा," तो म्हणाला, "जरा वर धरा."